नैराश्य आणि चिंतेवरच्या गोळ्या: पहिल्या डोसपासून शेवटच्या डोसपर्यंत

नैराश्याच्या गोळ्या अर्धवट सुटतात त्या बहुतेक दोन टप्प्यांवर. सुरुवातीच्या आठवड्यांत त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो, म्हणून माणूस कंटाळून गोळी सोडतो. पुढे काही महिन्यांनी गुण आलेला असतो, आता कशाला हवी गोळी असं वाटतं, म्हणून सोडतो. या दोन जागा आधीच ठाऊक असतील तर उपचार टिकायला मोठी मदत होते. म्हणून हा लेख काळाच्या क्रमाने लिहिला आहे.

यात डोसचे आकडे येतील. ते तुमच्या चिठ्ठीवरचे आकडे तुम्हाला कळावेत आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत यासाठी आहेत. त्यांवरून स्वतःच डोस ठरवू नका किंवा बदलू नका.

गोळीची गरज आहे का

नैराश्य किती तीव्र आहे यावर हे अवलंबून असतं. मोजण्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० आणि त्यापुढे तीव्र. चिंतेसाठी अशीच ७ प्रश्नांची जीएडी-७ आहे, तिचे एकूण गुण २१. सौम्य नैराश्यात सहसा आधी समुपदेशन, व्यायाम, झोपेची घडी बसवणं यांवर भर देतात, कारण तिथे गोळीचा फायदा बेताचाच दिसतो. तीव्रता वाढत जाते तसं गोळीचं पारडं जड होतं. मध्यम आणि तीव्र आजारात गोळी आणि सीबीटीसारखी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) मानसोपचार पद्धत दोन्ही एकत्र दिल्यास एकट्या कशापेक्षाही गुण चांगला येतो.

आज भरलेली प्रश्नावली तारीख घालून जपून ठेवा. सहा आठवड्यांनी 'काहीच फरक नाही' असं वाटेल तेव्हा तोच कागद कामाला येतो. नैराश्यात स्वतःची सुधारणा स्वतःला सगळ्यात उशिरा दिसते, घरच्यांना आधी दिसते.

डॉक्टरांना काय सांगायचं

पहिल्या भेटीत पुढच्या गोष्टी लपवल्या किंवा राहून गेल्या तर चुकीची गोळी हातात येऊ शकते:

- आयुष्यात कधी असे दिवस आले का, की झोप अगदी कमी होऊनही उत्साह ओसंडून वाहत होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे बेसुमार उडवले गेले? किंवा जवळच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार आहे का? बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो.
- सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध, वेदनाशामक, खोकल्याचं सिरप, आयुर्वेदिक किंवा इतर वनस्पतीजन्य औषधंसुद्धा.
- दारू आणि इतर नशा, खरं प्रमाण.
- फिट येणं, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, काचबिंदू, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव.
- गरोदरपण, ते ठरवण्याचा विचार, स्तनपान.
- मरणाचे विचार. हे सांगायला जड जातं, तरी डॉक्टरांना सगळ्यात जास्त गरज याच माहितीची असते. किती गोळ्या एका वेळी द्यायच्या, पुढची भेट किती लवकर ठेवायची, कोणती गोळी टाळायची हे त्यावर ठरतं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या बऱ्याचदा सांगितल्या जातात. थायरॉइड मंदावलं की थकवा, सुस्ती, उदासी असं चित्र हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. वयस्कर रुग्णांत रक्तातलं सोडियम आणि गरजेप्रमाणे ईसीजीही बघतात.

चिठ्ठीवर कोणतं नाव असेल

सुरुवात बहुधा एसएसआरआय गटातल्या औषधाने होते. एस्सिटालोप्रॅम नैराश्यात साधारण १० मिलिग्रॅम, कमाल २०. सर्ट्रालिन ५० पासून, कमाल २००. फ्लुओक्सेटिन २० पासून. पॅरोक्सेटिन, फ्लुवोक्सामिन आणि सिटालोप्रॅमही याच गटातली. या गोळ्या मज्जापेशींमधल्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन हे रसायन परत शोषलं जाण्याचा वेग कमी करतात. हा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन मात्र काही आठवड्यांनी हलकं होतं. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं आणि गोळीने ते भरलं' हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरं आहे. मधल्या काळात मेंदूच्या पेशी त्या बदलाशी हळूहळू जुळवून घेतात, आणि त्याला वेळ लागतो.

दुसरा गट एसएनआरआय: व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन. ही नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावरही काम करतात. अंगदुखी, मज्जातंतूंच्या वेदना सोबत असतील तर ड्युलोक्सेटिन सोयीचं पडतं. व्हेन्लाफॅक्सिनचा डोस वाढला की रक्तदाब वाढू शकतो, तो अधूनमधून मोजावा लागतो.

झोप उडाली आहे, भूक मेली आहे, वजन उतरलं आहे, अशा वेळी रात्री मिर्टाझापिन देतात. त्याने झोप आणि भूक दोन्ही येतात, आणि वजनही वाढतं. ब्युप्रोपिऑनने लैंगिक त्रास आणि वजनवाढ फारशी होत नाही, पण फिटचा धोका वाढतो, म्हणून फिट येणाऱ्यांना किंवा अॅनोरेक्सिया-बुलिमियासारखा खाण्याचा विकार असलेल्यांना ते देत नाहीत. अॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन ही जुनी ट्रायसायक्लिक औषधं परिणामकारक आहेत, मात्र जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तर हृदयावर घातक परिणाम होतो. आत्महत्येचे विचार असणाऱ्यांना ती सहसा पहिल्यांदा लिहून देत नाहीत ती यामुळेच.

कुणाला कोणती गोळी लागू पडेल हे आधी ओळखण्याची खात्रीशीर चाचणी नाही. घरात कुणाला किंवा तुम्हाला स्वतःला पूर्वी एखादी लागू पडली असेल तर ते जरूर सांगा, तो धागा उपयोगी ठरतो.

पहिले दोन आठवडे

चिंता किंवा पॅनिकचा (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा) त्रास असणाऱ्यांना डॉक्टर बऱ्याचदा नेहमीच्या निम्म्या डोसने सुरू करतात: एस्सिटालोप्रॅम ५ किंवा सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम. सुरुवातीच्या दिवसांत हीच औषधं चिंता थोडी वाढवतात, छाती धडधडते, अस्वस्थ वाटतं, आणि पॅनिकचा रुग्ण ते 'आजार वाढला' असं समजून गोळी टाकून देतो. हा त्रास बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत ओसरतो. निम्म्या डोसचा हेतूच हा सुरुवातीचा त्रास कमी ठेवण्याचा असतो.

मळमळ सगळ्यात जास्त होते, आणि ती सहसा १० ते १४ दिवसांत जाते. जेवणानंतर गोळी घेतली की कमी जाणवते. गोळीने झोप उडत असेल तर ती सकाळी घ्यावी, गुंगी येत असेल तर रात्री. वेळ बदलण्याआधी फोनवर विचारून घ्या, ती सकाळी किंवा रात्री आणणं सहसा अवघड नसतं. सर्ट्रालिनने पोट सैल होतं, पॅरोक्सेटिनने बद्धकोष्ठता. तोंडाला कोरड, घाम, जांभया, रात्री दात आवळले जाणं, हलकी डोकेदुखी हेही होतं. गुंगी किती येते हे कळेपर्यंत गाडी चालवू नका.

रोज एकाच वेळी घ्या. आठवड्याच्या खणांची गोळ्यांची डबी घेतली तर 'आज घेतली की नाही' हा प्रश्न उरत नाही. एखादा डोस राहिला आणि त्याच दिवशी आठवला तर घ्यावा; पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दोन डोस एकदम घेऊ नयेत. ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल फोडू नका: पोटातल्या आम्लाने औषध खराब होऊ नये म्हणून आतल्या कणांवर आवरण असतं. एक्सआर किंवा ईआर लिहिलेली गोळी चावू अथवा कुटू नका: तिच्यातलं औषध सावकाश सुटावं अशी ती बनवलेली असते, फोडली की सगळं एकदम बाहेर पडतं.

आता पुढचा भाग घरातल्या माणसालाही वाचायला द्या. २५ वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांवर २००४ मध्ये लहान मुलं आणि किशोरवयीनांसाठी ही सूचना छापायला लावली, आणि २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवली. याचा अर्थ तरुणांनी गोळी घेऊच नये असा नाही. उपचार न केलेलं नैराश्यही जीवघेणं असतं. याचा अर्थ असा, की पहिला महिनाभर कुणीतरी जवळ असावं, दर आठवड्याला भेट किंवा फोन व्हावा, आणि गोळ्यांचा मोठा साठा हाताशी राहू नये.

वय कितीही असो, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा: एका जागी बसवत नाही अशी आतून असह्य तगमग, एकदम चिडचिड किंवा आक्रमकपणा, रात्रभर जागूनही उत्साह आणि वेगाने बोलणं, डोळा दुखून धूसर दिसणं, अंगावर पुरळ. जीव देण्याचे विचार ठोस होऊ लागले, कसं आणि कधी हे डोक्यात यायला लागलं, तर थांबू नका. लगेच तातडीच्या वैद्यकीय सेवेला किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला संपर्क करा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

सोबत काय घेऊ नये

सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधं एकत्र आली की सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: थरथर, स्नायू उडणं, घाम, ताप, जुलाब, छातीत धडधड, गोंधळलेपणा. बहुतेकदा काही तासांत तो सुरू होतो. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, मिथिलिन ब्लू हे औषध म्हणून वापरलं जाणारं निळं रंगद्रव्य, खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यांच्यापासून विशेष सावध राहा. ताप आणि स्नायूंचा ताठरपणा दोन्ही दिसले तर थेट तातडीच्या विभागात जा. एमएओआय या नैराश्याच्या जुन्या औषधांच्या गटातलं औषध सुरू करायचं असेल तर आधीची गोळी बंद करून किमान १४ दिवस जावे लागतात. फ्लुओक्सेटिन असेल तर ५ आठवडे, कारण ते आणि त्याचा अवशेष शरीरातून फार सावकाश जातो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन किंवा वॉरफरिन यांच्यासोबत एसएसआरआय घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. डोकेदुखी-अंगदुखीला पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम जास्त डोसमध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतात, म्हणून सिटालोप्रॅम ६० वर्षांवरील व्यक्तींना २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. फ्लुवोक्सामिन घेत असाल तर कॉफी-चहातलं कॅफिन शरीरात फार वेळ टिकतं, आणि टिझानिडिन हे स्नायू सैल करणारं औषध त्याच्यासोबत घ्यायचंच नसतं. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन टाळतात, कारण ती टॅमॉक्सिफेनला परिणामकारक रूपात बदलू देत नाहीत. दारू नैराश्य वाढवते आणि गुंगीही, त्यामुळे निदान पहिले काही आठवडे ती बंद असणंच योग्य.

वयस्कर माणसात, विशेषतः लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, पहिल्या महिन्यात सोडियम उतरू शकतं. डोकं दुखणं, तोल जाणं, गोंधळ उडणं याला म्हातारपण म्हणू नका. रक्त तपासून घ्या.

गुण कधी आणि कसा येतो

आधी झोप, भूक, अंगातली ताकद यांत फरक पडतो, मग मन. पहिली चाहूल २ ते ४ आठवड्यांत लागते, पूर्ण गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात. ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) असेल तर ८ ते १२ आठवडे आणि डोसही नैराश्यापेक्षा मोठा लागतो. एक गोष्ट डॉक्टर आणि घरचे दोघांनीही लक्षात ठेवावी: ताकद आधी परत येते आणि निराशा मागे उरते, म्हणून थोडं बरं वाटू लागलेल्या काळातही नजर ठेवावी.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी प्रश्नावली पुन्हा भरा. तीन शक्यता निघतात. प्रश्नावलीचे गुण निम्म्यावर आले असतील तर तोच डोस चालू राहतो. थोडाच फरक असेल तर डोस वाढवतात. जराही फरक नसेल तर 'आणखी वाट बघू' म्हणण्यापेक्षा डोस, निदान आणि गोळी नियमित घेतली का या तिन्हींचा फेरविचार करावा लागतो. पहिल्याच गोळीने पूर्ण बरं वाटेल असं नाही. साधारण तिघांतल्या एकाला पहिल्या गोळीने पूर्ण आराम पडतो, बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो, दुसरी गोळी घ्यावी लागते किंवा जोड द्यावी लागते. पहिली न लागू पडणं हा उपचारातला नेहमीचा टप्पा आहे.

लैंगिक त्रास हा सगळ्यात कमी बोलला जाणारा दुष्परिणाम आहे, आणि गोळी गुपचूप सोडण्यामागचं एक मोठं कारणही. इच्छा कमी होणं, स्खलनाला वेळ लागणं, परमोच्च क्षण न येणं हे एसएसआरआय आणि एसएनआरआयमध्ये बरंच दिसतं, आणि मळमळीसारखं ते आपोआप जाईलच असं नाही. डोस कमी करणं, ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनवर जाणं, ब्युप्रोपिऑनची जोड देणं असे मार्ग आहेत. 'मला काही वाटतच नाही, आनंदही नाही आणि दुःखही नाही' असा भावनांचा बोथटपणा आला तरी सांगा. बऱ्याचदा तो डोस जास्त असल्याची खूण असतो.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम वगैरे, कधीकधी पहिल्या काही आठवड्यांसाठी जोडीला देतात. त्यांची सवय लागते, म्हणून २ ते ४ आठवड्यांत त्या कमी करत बंद करण्याची तारीख सुरुवातीलाच ठरवून घ्या. नैराश्याच्या गोळीची तशी तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. शरीर तिला सरावतं मात्र नक्की.

बरं वाटल्यावर किती दिवस

पूर्ण बरं वाटू लागल्या दिवसापासून आणखी ६ ते ९ महिने, त्याच डोसवर. गोळी सुरू केल्यापासून नव्हे. चिंतेच्या आजारात साधारण वर्षभर. पूर्वी दोन-तीन वेळा नैराश्य येऊन गेलं असेल तर २ वर्षं किंवा अधिक. अर्ध्यावर सोडली तर आजार परत येण्याचं प्रमाण लक्षणीय वाढतं, हाच या मोठ्या मुदतीचा आधार.

गरोदर असल्याचं कळलं की घाबरून गोळी एकदम बंद करू नका. आजार उलटण्याचा धोका आई आणि बाळ दोघांनाही असतो. सहसा पॅरोक्सेटिन नव्याने सुरू करत नाहीत आणि सर्ट्रालिनला पसंती देतात. स्तनपानातही सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं. निर्णय मात्र मानसोपचाराचे आणि प्रसूतीचे अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा.

बंद करताना

एकदम बंद केली तर २ ते ४ दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनला तो सगळ्यात जास्त, कारण ती शरीरातून लवकर निघून जातात. फ्लुओक्सेटिनला सगळ्यात कमी.

उतरवण्याचा नेहमीचा क्रम असा, की दर २ ते ४ आठवड्यांनी एक पायरी. खालच्या पायऱ्या आणखी लहान ठेवतात. याचं कारण असं: एसएसआरआयच्या छोट्याशा डोसनेही सेरोटोनिन परत शोषणाऱ्या जागांपैकी मोठा हिस्सा अडवला जातो. म्हणून २० वरून १० वर येणं सोपं जातं, ५ वरून शून्यावर येणं अवघड. एस्सिटालोप्रॅम १०, मग ५, मग २.५ अशी उतरणूक करताना शेवटच्या टप्प्यासाठी गोळीऐवजी द्रवरूप औषध बरं पडतं, कारण चिमुकला डोस नीट मोजता येतो. 'एक दिवसाआड घ्या' ही पद्धत पॅरोक्सेटिन-व्हेन्लाफॅक्सिनला चालत नाही: शरीरातलं प्रमाण दर दिवशी वरखाली होतं आणि त्रास उलट वाढतो. बरीच वर्षं गोळी घेतली असेल तर उतरवायला कित्येक महिने लागू शकतात. परीक्षा, स्थलांतर, घरातलं आजारपण अशा काळात सुरुवात करू नका.

आता त्रास गोळी बंद केल्याचा की आजार उलटल्याचा, हे ओळखायचं कसं? चक्कर, विजेचे झटके असा पूर्वी नसलेला शारीरिक त्रास डोस कमी केल्यावर काही दिवसांत आला आणि जुना डोस घेताच एक-दोन दिवसांत शमला, तर तो बंद करण्याचा. तो बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, काहींना महिनोन् महिने टिकतो. तेव्हा मागच्या पायरीवर जाऊन पुढची उतरणूक अधिक सावकाश करतात. उदासी, निरुत्साह, मरणाचे विचार असं जुनंच चित्र आठवड्या-महिन्यांनी हळूहळू उभं राहिलं, तर तो आजार. त्यासाठी शेवटच्या डोसनंतर पुढचे सहा महिने दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला पीएचक्यू-९ भरत राहा. गुण १० च्या वर गेले, किंवा मरणाबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज दुसरं उत्तर आलं, तर पुढच्या महिन्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.